लिंबाच्या दोन गोड परफ्यूममधून एक निवडताना

एक परफ्यूम लेमन टार्टसारखा (बिस्किटासारख्या खमंग तळावर लिंबाचे सारण असलेल्या पदार्थासारखा) आंबटगोड आणि दुसरा लेमन केकसारखा मऊ, लोणी-साखरेच्या वासाचा, अशा दोहोंतून एकच घ्यायचा असेल, तर दुकानात पहिल्या फवाऱ्यावर निर्णय करू नये. त्या क्षणी भुरळ घालते ते लिंबू, आणि सर्वांत आधी उडून जाते तेही लिंबूच. सालीच्या तेलातील मुख्य घटक लिमोनीन हा हलका असल्यामुळे तासाभरात बहुतांशी विरून जातो. उलट व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन आणि पाकवलेल्या साखरेचा वास देणारे एथिल माल्टॉल (१९९२ मध्ये आलेल्या ‘एंजल’ या परफ्यूमने ज्याला परफ्यूमच्या जगात मानाचे स्थान मिळवून दिले) कपड्यावर दुसऱ्या दिवशीही रेंगाळते. तेव्हा दिवसभर आपल्या अंगावर राहणार आहे तो मुख्यतः लिंबाखालचा गोड थर, आणि निवड त्याचीच करायची आहे.

दुकानात वास घेण्यासाठी देतात त्या कागदी पट्टीचा उपयोग नकोसा परफ्यूम बाद करण्यापुरताच करावा. खरी परीक्षा त्वचेवर होते: एक परफ्यूम डाव्या मनगटावर, दुसरा उजव्या, प्रत्येकी एकच फवारा मारावा, मनगटे एकमेकांवर घासू नयेत, आणि दहा मिनिटांनी, दोन तासांनी व संध्याकाळी हुंगून जे जाणवेल ते लिहून ठेवावे.

टार्टच्या बाबतीत दोन तासांनी आंबटपणाची धार थोडी तरी उरली आहे का, हे पाहावे. गवतीचहाचे पान बोटांत चुरडल्यावर जो लिंबासारखा वास येतो तो सिट्राल या घटकाचा, आणि लिंबाच्या वासातही तो असतो; बिस्किटासारख्या खमंग आधाराविना तो एकटाच पुढे आला, की आपल्याकडे हमखास भांड्यांच्या साबणाची आठवण होते. तशी ती झाली, तर तो परफ्यूम कितीही महाग असला तरी सोडून द्यावा. केकच्या बाबतीत धोका निराळा आहे: मुंबईच्या मे महिन्यातील दमट उकाड्यात दुधाळ गोडवा अंगाशी येतो आणि लोकलच्या गर्दीत शेजाऱ्यालाही नकोसा होतो. म्हणून दिवसा वापरायला मी टार्ट सुचवेन, आणि थंडीतल्या संध्याकाळी किंवा वातानुकूलित कार्यालयासाठी केक.

कोणताही घेतला तरी बाटली लहानच घ्यावी. हवा लागून लिमोनीनचे ऑक्सिडीकरण होते, त्यातून लिंबाचा ताजेपणा जातो आणि नाजूक त्वचेवर पुरळही उठू शकते. त्यामुळे बाटली न्हाणीघरात किंवा खिडकीत न ठेवता, झाकण घट्ट लावून कपाटात ठेवावी.