क्लाउड सुरक्षा स्कॅनचा अहवाल ॲसेट रजिस्टरशी कसा जुळवावा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या किंवा चिंचोलीच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला परदेशी खरेदीदाराची सुरक्षेविषयीची प्रश्नावली आली, की घाईघाईने क्लाउडचा, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरांचा, सुरक्षा स्कॅन करून घेतला जातो आणि हातात भलीमोठी सीएसव्ही (तक्त्याची साधी मजकूर) फाईल पडते. तिच्यातली त्रुटी कोणत्या सर्व्हरची, तो सर्व्हर कोणाच्या ताब्यातला आणि दुरुस्ती कोणी करायची, हे ॲसेट रजिस्टरशी, म्हणजे कारखान्याच्या सर्व्हरांच्या नोंदवहीशी, जुळवणी केल्याशिवाय कळत नाही. या जुळवणीसाठी ‘आयपी ॲड्रेस (सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता) घ्या आणि व्हीलुकअप (दोन तक्ते जुळवणारे एक्सेलचे सूत्र) लावा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे, आणि अर्धवट खरा वाटत असल्यामुळे अधिकच त्रासदायक आहे.

स्कॅनचा पूर्ण अहवाल, रजिस्टरची ताजी प्रत आणि प्रत्येक क्लाउड खात्यात वाचण्यापुरते अधिकार तुमच्याकडे आहेत, असे मी गृहीत धरते. खाती मोजताना व्हेंडरने स्वतःच्या नावाने उघडलेले खातेही मोजावे. त्याचे बिल कारखाना भरतो, पण रजिस्टरात त्याचा पत्ता नसतो.

पायरी १ : फाईल मजकूर म्हणून उघडा

सीएसव्हीवर डबल-क्लिक करू नये. एक्सेल आकड्यातले पहिले १५ अंकच जपते आणि पुढच्या अंकांच्या जागी शून्ये भरते. गुगल क्लाउडमधल्या मशीनचा आयडी साधारणपणे १९ अंकी असतो, त्यामुळे शेवटचे अंक गुपचूप बदलतात आणि वेगवेगळी मशीन एकच दिसू शकतात. ॲमेझॉनच्या क्लाउडचा खाते क्रमांक १२ अंकी असतो. तो शून्याने सुरू होत असेल, तर ते शून्य गळून पडते. फाईल ‘इम्पोर्ट’ने आणावी आणि आयडीचे सर्व रकाने ‘टेक्स्ट’ ठरवावेत.

पायरी २ : अक्षरे एकसारखी करा

दोन्हीकडचे ॲझ्युअरचे (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचे) रिसोर्स आयडी लहान रोमन अक्षरांत (लोअरकेस) आणावेत आणि मागेपुढे राहिलेल्या रिकाम्या जागा काढाव्यात. ॲझ्युअर लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही, एक्सेलचा व्हीलुकअपही करत नाही, पण स्क्रिप्टने किंवा डेटाबेसने जुळवणी केली, तर तिथे हा भेद हमखास आडवा येतो.

पायरी ३ : आयडी आणि वेळ एकत्र जुळवा

सगळी अडचण या पायरीत आहे. माझाही सर्वाधिक वेळ इथेच गेला आहे.

आयपी ॲड्रेस हा चाळीतल्या खोलीच्या क्रमांकासारखा असतो : क्रमांक तोच राहतो, भाडेकरू बदलतो. ॲमेझॉनवर प्रत्येक रिजनमधल्या (डेटा सेंटरच्या विभागातल्या) डिफॉल्ट व्हीपीसीला, म्हणजे आयत्या मिळणाऱ्या खासगी नेटवर्कला, १७२.३१ ने सुरू होणारी एकच पत्तामाला मिळते, त्यामुळे मुंबई रिजनमधल्या बिलिंग सर्व्हरचा आणि हैदराबाद रिजनमधल्या टेस्ट सर्व्हरचा खासगी पत्ता तंतोतंत सारखा असू शकतो. सार्वजनिक पत्त्याची तऱ्हा आणखी वेगळी आहे. गड्ड्याच्या यात्रेच्या सुटीत खर्च वाचवण्यासाठी बंद केलेला सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि त्याला इलॅस्टिक आयपी (राखून ठेवलेला सार्वजनिक पत्ता) दिलेला नसला, तर त्याला नवा सार्वजनिक पत्ता मिळतो. जुना पत्ता तोवर जगातल्या कोणत्याही अनोळखी ग्राहकाकडे गेलेला असू शकतो.

म्हणून जुळवणीची किल्ली खाते क्रमांक, रिजन आणि क्लाउडने दिलेला आयडी या तिन्हींची मिळून करावी. ॲमेझॉनमध्ये हा आयडी ‘आय’ या रोमन अक्षराने आणि आडव्या रेघेने सुरू होतो. ॲझ्युअरमध्ये मात्र रिसोर्स आयडीवर भरवसा ठेवू नये, कारण तो सबस्क्रिप्शन, रिसोर्स ग्रुप आणि मशीनचे नाव यांचा मिळून बनतो. जुने मशीन पुसून त्याच नावाचे नवे उभे केले, की आयडीही जसाच्या तसा परत येतो. तिथे व्हीएमआयडी (प्रत्येक मशीनचा स्वतंत्र आयडी) हा वेगळा रकाना मागवून घ्यावा. गुगल क्लाउडमध्येही नावाऐवजी अंकी आयडी घ्यावा.

एवढे करूनही वेळ जुळवावी लागते. रजिस्टर महिन्याच्या अखेरीस काढलेले असते आणि स्कॅन मधल्याच एखाद्या दिवशी झालेला असतो. ऑटोस्केलिंगने (कामाच्या भारानुसार आपोआप मशीन वाढवण्या-घटवण्याच्या सोयीने) काही तासांसाठी उभे केलेले मशीन अहवालात सापडते, पण रजिस्टर काढले जाईपर्यंत ते नष्ट झालेले असते. अशा मशीनचा जन्म आणि अंत क्लाउडट्रेल या ॲमेझॉनच्या कामकाज-नोंदवहीतल्या ‘रनइन्स्टन्सेस’ व ‘टर्मिनेटइन्स्टन्सेस’ या नोंदींवरून काढावा. क्लाउडट्रेलच्या इव्हेंट हिस्टरीत केवळ ९० दिवसांच्या नोंदी दिसतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग (कामकाजाच्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात, त्यामुळे ते एस-थ्री या ॲमेझॉनच्या साठवण सेवेत ठेवण्याची व्यवस्था आधीच करून ठेवावी.

आता घड्याळाचा मुद्दा. समजा, अहवालात ४ मार्च, १९:१० अशी स्कॅनची वेळ आहे आणि रजिस्टरात तो सर्व्हर ५ मार्चला रात्री १२:२० वाजता तयार झाल्याची नोंद आहे. वरवर पाहता स्कॅन सर्व्हरच्या जन्माआधीच झाला असे दिसते आणि जुळवणारा ती ओळ चुकीची समजून काढून टाकतो. प्रत्यक्षात अहवालातली वेळ बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असते; तिच्यात साडेपाच तास मिळवले, की ५ मार्चच्या रात्रीचे १२:४० होतात, म्हणजे सर्व्हर तयार झाल्यावर वीस मिनिटांनी स्कॅन झाला. दोन्ही फायलींतल्या वेळा सर्वांत आधी यूटीसीमध्ये आणाव्यात. तारखांची तुलना त्यानंतरच करावी.

बाहेरून केलेल्या नेटवर्क स्कॅनमध्ये आयडी मिळतच नाही, केवळ पत्ता मिळतो. अशा वेळी पत्ता आणि स्कॅनची वेळ एकत्र धरून त्या क्षणी तो पत्ता कोणाकडे होता हे शोधावे. खासगी पत्ता असेल, तर व्हीपीसीही त्यात धरावी. उत्तर एकाहून अधिक मशीनकडे जात असेल, तर त्या ओळीपुढे ‘अनिश्चित’ लिहून ती बाजूला ठेवावी. मिळतीजुळती नावे शोधून देणारी साधने इथे वापरूच नयेत, असे माझे ठाम मत आहे. ‘टॉवेल-बिलिंग-०१’ आणि ‘टॉवेल-बिलिंग-१०’ ही नावे असे साधन आनंदाने एकत्र बांधते, आणि मग दुरुस्ती भलत्याच सर्व्हरवर होते व खरा बिलिंग सर्व्हर तसाच राहतो. न जुळलेली ओळ निदान डोळ्यांसमोर राहते, चुकीची जुळलेली ओळ मात्र काम झाल्याचा आभास निर्माण करते.

पायरी ४ : उरलेल्या ओळी वेगळ्या काढा

अहवालात आहे पण रजिस्टरात नाही, अशी यादी त्याच दिवशी हाताळावी. बेवारशी सर्व्हर तिच्यातच सापडतात. रजिस्टरात आहे पण अहवालात नाही, या यादीतले मशीन सुरक्षित आहे असे मात्र मुळीच समजू नये. ते बंद असेल, त्याचे रिजन स्कॅनमधून वगळलेले असेल, एजंट (स्कॅनसाठी मशीनवर बसवायचे छोटे सॉफ्टवेअर) बसवलेला नसेल किंवा स्कॅनरचे लॉगिनच फसले असेल. यांतले नेमके कारण प्रत्येक ओळीपुढे लिहावे.

पायरी ५ : दुरुस्तीचा धनी ठरवा

रजिस्टरातल्या जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात ‘आयटीवाले’ असे लिहिलेले मी अनेकदा पाहिले आहे. तिथे माणसाचे नाव आणि फोन क्रमांक हवा. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांप्रमाणे सुरक्षाघटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते, आणि तेवढ्या वेळात धनी शोधत बसण्याची सोय नसते. ऑटोस्केलिंगच्या मशीनची त्रुटी मशीनच्या नावावर टाकू नये. ज्या इमेजमधून (तयार साच्यातून) ते तयार झाले, त्या इमेजच्या धन्याकडे द्यावी, नाहीतर पुढचे मशीन तीच त्रुटी घेऊन जन्माला येईल. अशाच इमेजमधून तयार होणाऱ्या कंटेनरलाही (सॉफ्टवेअरच्या बंदिस्त पुडक्यालाही) हाच नियम लावावा.

पुढच्या स्कॅनमध्ये एखादी त्रुटी दिसली नाही, एवढ्यावरून ती बंद करू नये. त्या मशीनचा आयडी नव्या अहवालात आहे का, हे आधी पाहावे. आयडी आहे आणि त्रुटी नाही, तर ती दुरुस्त झाली. आयडीच नसेल, तर मशीन नष्ट झाल्याची नोंद क्लाउडट्रेलमध्ये मिळेपर्यंत ती ओळ उघडी ठेवावी.