मिस्सेच्या वेळची बाळखोली: शनिवारीच काय उरकायचं

आपल्या वसईत चर्चच्या आवारात धर्मशिक्षणाचा एखादा वर्ग रविवारी मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेच्या, वेळी रिकामा असतो. बाळखोलीसाठी, म्हणजे मिस्सा चालू असताना बाळांना सांभाळायच्या खोलीसाठी, तळमजल्यावरचा, गायनमंडळाचा आवाज पोचेल असा वर्ग घ्या. आवाज पोचत नसेल तर एक स्पीकर लावा, पण मंद. खोलीत थांबलेल्या आईला प्रवचन ऐकू यावं आणि बाळाला झोपही लागावी.

शनिवारी संध्याकाळी खोली रांगून बघा. हो, गुडघ्यांवर. उभ्या माणसाला न दिसणारं तिथून दिसतं: खालच्या प्लगची उघडी भोकं, बाकाचा टोकदार कोपरा, नाताळच्या गोठ्यातून सुटलेली टाचणी. सतरंज्या धुतलेल्या हव्यात. खेळणी थोडी, कापडी. वाजणारं एकही नको, ते नेमकं मिस्सेतल्या घंटेच्या वेळी वाजतं. खाऊ ज्याचा त्याच्या घरून, त्यात शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षं नकोत. दूध पाजायला पडद्याआड एक खुर्ची ठेवा. पडदा नको असेल तिने बाकावरच पाजावं. पोप फ्रान्सिस यांनी २०१७च्या जानेवारीत सिस्टिन चॅपेलमध्ये २८ बाळांना बाप्तिस्मा देताना आयांना तेच सांगितलं होतं.

खरी तयारी माणसांची. खोलीत कायम दोन मोठी माणसं. एकटं कुणीच नाही, सिस्टर असल्या तरी. दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतरच्या श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराच्या) वर्गातल्या मुली मदतीला येऊ देत, पण त्या या दोघांत धरायच्या नाहीत. ज्यांच्यावर रविवारी खोली सांभाळायचं काम, त्यांनी शनिवारी संध्याकाळी मिस्सा करावी, ती रविवारची धरली जाते. हे आधी सांगितलं नाही तर दोन महिन्यांत त्याच चार जणी राबताना दिसतात. वहीत बाळाचं नाव, कशाची ॲलर्जी आणि न्यायला कोण येणार ते लिहा. ‘सगळी ओळखीचीच तर आहेत’ असं कुणीतरी म्हणेलच, तरी लिहा. चर्चमध्ये फोन बंद असतात, म्हणून आई कोणत्या बाकावर बसली तेही टिपा, म्हणजे बोलवायला धावाधाव नको.

दारावरच्या स्वयंसेवकांना मात्र बजावून ठेवा: रडणारं मूल दिसलं की ‘तिकडे न्या’ म्हणायचं नाही. खोली आहे हे सांगायचं, जायचं की नाही ते आई-बाप ठरवतील.

ईस्टरच्या जागरणाला चर्चमधले दिवे मालवतात आणि सगळ्यांच्या हातात मेणबत्त्या असतात. बाळखोलीत मेणबत्ती नको, दिवा चालू राहू दे.

एक गोष्ट हमखास विसरते. मुलांच्या मिस्सेविषयी रोमने १९७३ साली जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात अशा बाळांना मिस्सेच्या शेवटी आत आणून सगळ्यांबरोबर आशीर्वाद देता येईल असं म्हटलं आहे. फादरांना आधीच सांगा, शेवटच्या आशीर्वादापूर्वी दोन मिनिटं थांबतील. आणि कम्युनियनचं, म्हणजे पवित्र प्रसाद वाटतानाचं, गीत सुरू झालं की चपला शोधायला लागा. वीस छोट्या चपलांच्या जोड्या लावायला अख्खं गीत पुरत नाही.