आधी धबधबा, मग रम: शामारेलचा एक दिवस

पहिली गोष्ट, रविवारी जाऊ नका. आम्ही गेलो होतो. पोरगा मॉरिशसला नोकरीला, कात्र बोर्न गावात राहतो. त्याला सुट्टी रविवारची, म्हणून तोच दिवस धरला. धबधबा बघितला, सात रंगांची माती बघितली आणि रमच्या कारखान्यापाशी पोचलो तर फाटक बंद. रविवारी तिथे सुट्टी असते. चूक आमचीच, आधी विचारायला कुणाचं काय जात होतं? पण आमच्या ह्यांचा चेहरा पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखा झाला. मंगळवारी पोराला कामावर धाडून आम्ही दोघं आणि जाऊबाई टॅक्सी करून परत गेलो. दोन फेऱ्यांत जे कळलं ते लिहितेय.

माझी ओळख एवढीच की मी कोल्हापूरकडची, माहेरी गुऱ्हाळ होतं आणि पुढे शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे रमच्या पेल्यापेक्षा चरकाकडे आणि धबधब्याच्या पाण्यापेक्षा त्यामागच्या कातळाकडे माझं लक्ष जास्त जातं, हे धरून चाला.

शामारेल हे मॉरिशसच्या नैऋत्येचं डोंगरातलं छोटं गाव. धबधबा आणि सात रंगांची माती एकाच आवारात, एकाच तिकिटात. रमचा कारखाना, रुमरी द शामारेल, तिथून गाडीने दहा-एक मिनिटांवर. सहलींच्या गाड्या याच दिवसात गंगा तलाव, जहाजांच्या प्रतिकृतींचं दुकान, चहाचा मळा असं काय काय कोंबतात. तसं करू नका. गंगा तलावाला वेगळा दिवस द्या. सकाळी महादेवाचं दर्शन आणि दुपारी रम हे सासूबाईंना फोनवर सांगताना मलाच जड गेलं असतं.

कधी जायचं, यात एक मेख आहे. पाणी भरपूर असतं ते जानेवारी ते मार्चमध्ये, तेव्हा तिथला पावसाळा आणि चक्रीवादळांचे दिवस. ऊसतोड असते साधारण जुलै ते डिसेंबर. सप्टेंबरनंतर कोरडं पडत जातं. म्हणजे धार जोरात बघायची तर चरक थांबलेला, आणि चरक फिरताना बघायचा तर धार बारीक होत जाणारी. माझं मत जुलै-ऑगस्ट. धबधब्याला पुरेसं पाणी असतं आणि गाळप सुरू झालेलं असतं. तेव्हा तिथे हिवाळा असतो, म्हणून स्वेटर घ्या. किनाऱ्यावरून निघताना हसू येतं, वर घाटमाथ्यावर गेल्यावर येत नाही.

गाडीचं आधी ठरवा. बस आहेत, पण शामारेलच्या फेऱ्या मोजक्या, त्यांच्या भरवशावर दोन्ही ठिकाणं होत नाहीत. भाड्याची गाडी चालवायला अवघड नाही, रहदारी आपल्यासारखीच डावीकडून. पण मग चालवणाऱ्याने रमला हात लावायचा नाही. तिथला कायदा याबाबत कडक आहे, आणि कायदा नसता तरी उतरणीची वळणं आहेत. आम्ही टॅक्सी केली ती म्हणूनच. बसण्याआधी तीन गोष्टी बोलून घ्या: किती तास, पेट्रोल धरून किती, आणि वाटेत कुठल्या दुकानात थांबायचं नाही. तिसरी आम्ही बोललो नव्हतो. टॅक्सीवाल्याने एका दुकानात नेलं, तिथे जाऊबाईंनी शिंपल्यांचं तोरण घेतलं, पाऊण तास गेला.

सकाळी सव्वासातला निघा. त्याआधी रस्त्यावरच्या गाडीवरून दालपुरी बांधून घ्या. ही दालपुरी म्हणजे आपल्या पुरणपोळीची तिखट चुलत बहीण. आत वाटलेली पिवळी डाळ, गूळ नाही, वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचं रुगाय आणि मिरचीची चटणी. विकतात जोडीने, त्यामुळे एक मागितलीत तरी दोन येतात. सोबत गातो पिमां घ्या. नाव फ्रेंच वळणाचं, वस्तू आपला डाळवडा. शाकाहारी माणसाची दुपारपर्यंतची सोय झाली. आणि रम चाखणार असाल तर पोटात हे असायलाच हवं.

कात्र बोर्नहून व्हाकोआमार्गे ल पेत्रांला या आणि तिथून प्लेन शांपान्यच्या माथ्यावरून शामारेलला उतरा. हा रस्ता ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानातून जातो. वाटेत दरी बघायला थांबायची जागा आहे, तिथे सकाळीच थांबा, नंतर ढग उतरला की समोर नुसती पांढरी भिंत. माकडं आहेत. दालपुरी गाडीत, गाडीच्या काचा वर. हिवाळ्यात रस्त्याकडेला लालचुटूक छोटे पेरू मिळतात, चिनी पेरू म्हणतात, तिखटमीठ लावून देतात. आंबट-गोड, बिया फार. मी दोन पुड्या संपवल्या.

शामारेलच्या आवारात साडेआठ-नऊला पोचलात तर जिंकलात. दहानंतर हॉटेलांच्या बसगाड्या येतात आणि कठड्याला जागा मिळत नाही. तिकीट फाटकावरच, पैसे त्यांच्या रुपयात. त्यांचा एक रुपया म्हणजे आपले दोनाच्या आसपास, हिशेब करताना हे विसरू नका. फाटकातून गाडी आत जाते, आधी धबधबा लागतो, पुढे माती.

धबधबा 80 मीटरहून उंच आहे आणि एका सरळ कड्यावरून पडतो. बघायचा समोरून, कठड्यामागून. थोड्या पायऱ्या चढून दुसरी जागा आहे, तिथून पूर्ण धार पायथ्याच्या डोहापर्यंत दिसते, म्हणून गुडघे दुखत असले तरी चढा. धबधब्याखाली भिजायची हौस असेल तर ही जागा ती नव्हे. खाली उतरायचा आगाऊपणा करू नका, कडा निसरडा आहे.

तिथे पाच मिनिटांत फोटो काढून माणसं परत फिरतात. तुम्ही अर्धा तास थांबा. धारेच्या दोन्ही अंगांचा काळा कातळ बघा. आडवे थर दिसतील. एकावर एक पसरत गेलेल्या लाव्ह्याचे हे थर, अगदी आंबा घाटात दिसतात तसे. हे नुसतं दिसण्यातलं साम्य नाही. मॉरिशसशेजारच्या रियुनियन बेटाखाली पृथ्वीच्या पोटात जो तप्त बिंदू आहे, म्हणजे जिथून लाव्हा वर येतो ती जागा, त्याच्यावरून भारताचा भूभाग सरकत असताना सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ओतला गेला. त्याच तप्त बिंदूतून फार नंतर मॉरिशस वर आलं. म्हणजे सह्याद्री थोरला आणि हे शेंडेफळ. मी हे मोठ्याने सांगायला लागले तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, सुट्टीवर आहात तुम्ही."

आणि पक्षी बघा. पांढरे, शेपटीला दोन लांब काड्यांसारखी पिसं. तिथे पाय-आं-क्यू म्हणतात, शेपटीत गवताची काडी असलेला. एअर मॉरिशसच्या विमानांवर हाच असतो. धारेच्या पाठीमागच्या काळ्या कड्यावरून एक जोडी घिरट्या घालत होती. कातळापुढे आली की लख्ख दिसायची, पाण्यापुढे गेली की नाहीशी.

सात रंगांची माती बघताना अपेक्षा बेताची ठेवा. फोटोत भडक दिसते तशी ती नाही, लाल, तपकिरी, जांभळट अशा उघड्या टेकड्यांचा एक तुकडा आहे, भोवती कुंपण. पण कारण समजलं तर मजा येते. बेसॉल्ट, म्हणजे तोच लाव्ह्याचा काळा कातळ, कुजून कुजून त्यातली विरघळणारी द्रव्यं पावसाने धुऊन नेली, मागे राहिली लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. लोहाने लाल, ॲल्युमिनियमने निळा-जांभळा. पन्हाळ्याच्या जांभ्या दगडाची गोष्ट हीच. शेजारी मोठाली कासवं आहेत, लहान मुलं असतील तर खरा वेळ तिथेच जाणार.

अकराच्या सुमाराला रुमरीकडे वळा. जेवणही तिथेच करायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करून टेबल सांगून ठेवा, आणि फाटक चालू आहे ना तेही त्याच फोनमध्ये विचारा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस लागतो. इथे बाकी शेती थोडी, ऊसच ऊस.

इथे मी गाडी थांबवायला लावली. कडेला तोड चालली होती. कोयता आपल्यापेक्षा लांब आणि सरळ, बाकी सगळं तेच: बुडखा तोडायचा, वाढे छाटायचे, पाचट तिथेच. 1834 पासून 1920 पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं हिंदुस्थानातून या बेटावर आणली, करारावर, मुख्यतः याच कामाला. त्यात मुंबई बंदरातून निघालेले आपले कोकणातले लोकही होते. त्यांची नातवंडं-पतवंडं आज घरी क्रेओल, म्हणजे फ्रेंचवरून आलेली तिथली बोली, बोलतात, शाळेत मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. टॅक्सीवाल्याला हे विचारलं तर म्हणाला, त्याची आजी मराठी. त्याला मराठीतले तीन शब्द येत होते: पाणी, भाकर, चल. आमच्याकडे बीडहून येणाऱ्या टोळ्या आठवल्या, मुकादमाची उचल घेऊन आलेल्या. पुढचा रस्ताभर कुणी फारसं बोललं नाही.

आता कारखाना. 2008 साली लोकांसाठी खुला झाला. प्रवेशाच्या तिकिटात माणूस फिरवून दाखवतो आणि शेवटी चाखायला देतो. इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये सांगतात, इंग्रजीच्या वेळेसाठी थांबा. आमच्या ह्यांच्यासारखे थेट शेवटाकडे धावू नका, गंमत सुरुवातीला आहे.

जगातली बहुतेक रम मळीपासून होते, साखर काढून झाल्यावर उरते ती. आपल्याकडचीही तशीच. इथे मात्र ताज्या उसाचा रस थेट वापरतात. ऊस न जाळता हाताने तोडलेला, लगेच चरकात. चिपाडं जळणाला, अगदी आमच्या चुलवाणासारखी. इथवर मला वाटलं मी माहेरी आले. मग रस उकळायची काहील दिसायला हवी होती, तिथे मोठ्या टाक्या. गाइड म्हणाला, झाकणाजवळ वाकून वास घ्या. घेतला. तो वास मी ओळखत होते. रस जास्त वेळ पडून आंबला की आमचा गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, जे थैमान घालायचा, तो वास. गुऱ्हाळात ज्याने अख्खी काहील वाया जाते, तेच इथे यीस्ट घालून मुद्दाम करतात. वर पिवळट फेस, आणि कान दिला तर पोहे भिजताना येतो तसा बारीक चुरचुर आवाज.

पुढे तांब्याच्या भट्ट्या. वाफ निघते, थंड होते, पहिली धार आणि शेवटची धार बाजूला काढतात, मधली तेवढी ठेवतात. ही मधली कधी सुरू झाली आणि कधी संपली हे ठरवणारा माणूस म्हणजे तिथला गुळव्या. गाइडला ते सांगायला मला फार वेळ लागला, पण त्याला पटलं. काही रम पोलादी टाक्यांत मुरते, पांढरीच राहते. काही ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षं, तिला रंग चढतो.

चाखताना क्रम मोडू नका. पांढरी आधी, मुरलेली नंतर, व्हॅनिला-कॉफीच्या गोड सगळ्यांत शेवटी. गोड आधी घेतलीत तर मुरलेलीची चव मेली. घोट म्हणजे जीभ ओली होईल एवढाच, मध्ये पाणी, आणि सगळे पेले संपवलेच पाहिजेत असं कुणी म्हणत नाही. मी पीत नाही, पण पांढरी जिभेला लावली. आधी जाळ, मग मागून हिरव्या उसाचा, वाढ्याचा वास. आमचे हे आणि जाऊबाई मुरलेलीवर खूश. वयाची अट तिथे 18 आहे. आपल्याकडे 25, त्यामुळे कॉलेजातली पोरं बरोबर असतील तर काय ते आधीच ठरवून घ्या.

तिथल्या खानावळीत हरणाचं आणि रानडुकराचं मटण मिळतं. शाकाहारी असाल तर माडाच्या जातीतल्या झाडाच्या कोंबाची कोशिंबीर मागवा, पांढरी, कुरकुरीत, ओल्या नारळाच्या मलईसारखी. स्वस्त नाही. आम्ही ती एक प्लेट तिघांत घेतली आणि बाकी पोट दालपुरीवर भरलं, गाडीत बसून.

परतताना आलेल्या रस्त्याने येऊ नका. काझ नोयालच्या बाजूने पश्चिमेला उतरा. वळणं बरीच, पोटात रम असलेल्याने पुढच्या सीटवर बसावं. उतरताना एका वळणावर समुद्र, ल मोर्नचा डोंगर आणि आतलं निळं-हिरवं खाजण एकदम समोर येतं. तिथे थांबा. हिवाळ्यात साडेपाच-पावणेसहाला अंधारायला लागतं, तेव्हा किनाऱ्यावर पाय बुडवायचे तर चारला खाली असलेलं बरं.

बाटल्यांचा हिशेब दुकानातच करा. भारतात माणशी 2 लिटर दारू बिनशुल्क आणता येते. तिथली बाटली सहसा 70 सेंटिलिटरची, म्हणजे तीन घेतल्या की 100 मिलिलिटरने हद्द ओलांडली. माणशी दोन घ्या. हातातल्या पिशवीत ठेवू नका, सुरक्षातपासणीत काढून घेतील. झाकणाला चिकटपट्टी, प्लॅस्टिकची पिशवी, वर कपडा, आणि बॅगेच्या मधोमध. आमच्या दोन माझ्या नऊवारीत गुंडाळून आल्या. घरी बॅग उघडली तेव्हा साडी कोरडी होती.