वीकेंडसाठी गावाकडे एकर-दोन एकर जमीन घ्यायचीये? मग या क्रमाने जा

पावसाळ्यात ताम्हिणी नाहीतर माळशेज करून आलं की घराघरात हा विषय निघतोच, आपली पण एखादी छोटीशी जागा असावी, पोरांनी मातीत खेळावं, आई-बाबांना निवांत बसता यावं. मग कुणीतरी ग्रुपवर रिव्हर टच, माउंटन व्ह्यू असली जाहिरात टाकतं आणि रविवारी सगळे गाडी काढून जागा बघायला निघतात. इच्छा अगदी रास्त आहे, ज्यांना जमतंय त्यांनी जरूर घ्यावी असंच माझं मत आहे. पण बहुतेक लोक आधी व्ह्यू बघतात, मग भाव विचारतात आणि कागद सगळ्यात शेवटी, टोकन देऊन झाल्यावर. हा क्रम बरोबर उलटा करायचा. सुट्या शेतजमिनीच्या व्यवहाराला रेराचं (घर-प्लॉट घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा) छत्र नसतं, त्यामुळे तपासणी सगळी आपली आपणच करायची असते.

१. आधी अंतर ठरवा

पुण्याची माणसं मुळशी, मावळ, भोर बघतात, मुंबईची कर्जत, मुरबाड, शहापूर, रोहा, नाशिकची इगतपुरी-त्र्यंबक. कोकणात दापोली-गुहागरला जमीन तुलनेत स्वस्त मिळते म्हणून मोह होतो पण तिथे दर शनिवारी जाणं होत नाही हो, ती वर्षातून तीन-चारदा जायची जागा. शनिवारी सकाळी चहा घेऊन निघालात आणि अकराच्या आत पोचलात तरच ती वीकेंडची जागा, आणि रविवारी संध्याकाळचं परतीचं ट्रॅफिक पण यात धरायचं. जो भाग मनात आहे तिथल्या एखाद्या होमस्टेमध्ये वेगवेगळ्या ऋतूत जाऊन राहून बघा, घरातली सगळी माणसं घेऊन. बायको-मुलांना तो प्रवास नको असेल तर ते जमीन घ्यायच्या आधी कळलेलं बरं.

२. तुम्ही कागदोपत्री शेतकरी आहात का?

महाराष्ट्रात बिगरशेतकरी माणसाला शेतजमीन थेट विकत घेता येत नाही. १९४८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याचं कलम ६३ आहे त्यासाठी, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी असेल तरच घेता येते आणि नुसतं वीकेंडला जायला जागा हवी या कारणासाठी ती मिळेल अशी आशा धरू नका. म्हणून आधी आजोबांचं गाव आठवा. खूप घरांमध्ये असं असतं की सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे आणि वारसनोंद कुणी केलेलीच नाही. ती करून घ्या, तुमचं नाव चढलं की तुमचा शेतकरी असल्याचा पुरावा तयार झाला.

कुणी एजंट म्हणाला की शेतकरी दाखला मी काढून देतो, काळजी नको, तर तिथूनच परत फिरा. खोट्या दाखल्यावर झालेली खरेदी उघडकीला आली तर व्यवहार बेकायदा ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते.

परदेशात असलेल्या आपल्या लोकांसाठी: एनआरआय किंवा ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे) असाल तर फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमांनुसार शेतजमीन, फार्महाऊस, मळे-बागायती विकत घेता येत नाहीत, वारशाने आली तर ठेवता येते.

शेतकरी नसाल तर सरळ एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट घ्या. फक्त एनएचा आदेश आणि मंजूर लेआऊट स्वतः डोळ्याने बघा, "एनए प्रस्तावित" या शब्दांना काही अर्थ नाही. आणि दोन-तीन गुंठ्याचे "फार्महाऊस प्लॉट" म्हणून जे विकतात त्यात बऱ्याचदा एका मोठ्या गटाच्या सातबाऱ्यावर अनोळखी माणसांच्या रांगेत तुमचं नाव घालतात, किंवा तेही नाही, नुसता नोटरीचा कागद हातात. शेतजमिनीला तुकडेबंदी कायदा आहे, २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे, त्याहून छोटा तुकडा पाडून विकत असतील तर का आणि कसा ते विचारायचं.

३. सातबारा नीट वाचा, घाई न करता

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. महाभूलेखच्या साइटवर सातबारा नुसता बघायला फुकट आहे आणि डिजिटल सहीचा १५ रुपयात निघतो, त्यामुळे टोकनच्या आधी काढायला काहीच हरकत नाही. गावाचं नाव आणि गट नंबर तेवढा मिळवा.

पहिलं बघायचं भोगवटादार वर्ग. वर्ग १ म्हणजे मालकाला मोकळेपणाने विकता येते. वर्ग २ म्हणजे सरकारने काही अटींवर दिलेली, किंवा कुळाला मिळालेली, पुनर्वसनातली वगैरे जमीन, ती सहसा परवानगीशिवाय विकता येत नाही. धरणांच्या आसपास, पवना, पानशेत, मुळशी या पट्ट्यात हे विशेष तपासा.

मग नावं. कोकणात आणि मावळात एका गटावर वीस-पंचवीस नावं सहज सापडतात, काका, चुलतभाऊ, मुंबईला गेलेले, वारलेले, लग्न होऊन गेलेल्या आत्या. समोर बसलेला माणूस म्हणतो मीच कसतो, बाकी कुणी येत नाही, आणि तो खरंच सांगत असतो, पण कायद्याने आत्याचा हिस्सा आत्याचाच आहे आणि खरेदीखतावर तिची सही लागते, नाहीतर तिचं रीतसर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र तरी. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आणि त्यातली २००५ ची दुरुस्ती, यामुळे मुलींचा हक्क पक्का आहे. "सामाईक क्षेत्र" असा शेरा असेल तर आधी त्यांच्यात वाटप होऊ द्या, मग घ्या. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर कुणी दहा जणांच्या वतीने विकत असेल तर त्या दहाही जणांशी बोलून या.

नंतर उजवीकडचा "इतर हक्क" हा रकाना. बारीक अक्षरात असतो आणि माल सगळा तिथेच असतो: गावच्या सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला कुणाचा हिस्सा, वाटेचा हक्क, पुनर्वसनासाठी राखीव, कोर्टाची मनाई, "राखीव वने" किंवा खाजगी वनांचा शेरा. रायगड, ठाणे, सिंधुदुर्ग, मुळशी इकडे वनांचा शेरा फार जमिनींवर आहे, १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यापासूनचा, आणि तो असेल तर मी म्हणेन सोडून द्या, कितीही सुंदर जागा असली तरी. मालक आदिवासी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ लागतं, बिगरआदिवासीला ती जमीन पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही आणि ते कलम योग्यच आहे, त्याला पळवाटा शोधत बसू नये.

शेवटी फेरफार क्रमांक. सातबाऱ्यावर जेवढे आकडे दिसतात तेवढे फेरफार काढा, म्हणजे जमीन कुणाकडून कुणाकडे कशी आली ते सलग कळतं. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या नोंदी तपासून दिलेला मालकीचा अहवाल, घ्या आणि वकील त्याच तालुक्यात काम करणारा बघा पण विकणाऱ्याने सुचवलेला नको.

हिशोबाचं एक: एकर म्हणजे ४० गुंठे, गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, पण सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, एक एकर साधारण ४० आर ४७ चौरस मीटर. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, वेगळा लिहिलेला असतो, तो एकूण क्षेत्रात किती आहे ते बघूनच भाव ठरवा.

४. वाट

जागेपर्यंत गाडी गेली म्हणजे वाट आहे असं नाही. शेजाऱ्याने आज जाऊ दिलंय एवढाच त्याचा अर्थ. गावच्या नकाशावर ती पाणंद किंवा शिवरस्ता म्हणून दाखवलीये का, नसेल तर ज्याच्या शेतातून जाते त्याच्याकडून रस्त्याच्या हक्काचा नोंदणीकृत करार होतोय का, हे खरेदीच्या आधी. नंतर तहसीलदारांकडे त्याच महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो, पण त्यात वेळ जातो आणि शेजाऱ्याशी वैर घेऊन सुरुवात होते.

५. पाणी मे महिन्यात बघा

जुलैमध्ये सह्याद्रीत प्रत्येक जमीन रिव्हर टच असते! तोच ओढा एप्रिलमध्ये कोरडा ठणठणीत. दोनशे-तीनशे सेंटिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात मेमध्ये टँकर येतो कारण खाली काळा कातळ आहे, पाणी मुरत नाही, वाहून जातं. म्हणून जागा एकदा भर पावसात आणि एकदा मेच्या तिसऱ्या आठवड्यात बघायचीच. शेजारच्या विहिरीत डोकावून बघा, पाण्याची पातळी किती खाली गेलीये, आतल्या दगडावर पावसाळ्यातल्या पाण्याची खूण कुठे आहे, पंप किती वेळ चालतो. गावातल्या बायकांना विचारा, पाणी त्याच भरतात, नेमकी माहिती त्यांनाच असते. बोअरला पाणी लागेलच ही हमी कुणी देऊ शकत नाही, त्यामुळे साठवण टाकीचा खर्च आधीच धरून ठेवा. महावितरणचा शेवटचा खांब किती लांब आहे तेही त्याच फेरीत बघून घ्या.

६. उतार

डोंगराच्या कुशीतली जागा फोटोत छान दिसते. पण माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३, तिन्ही जुलैमध्ये, तिन्ही डोंगराखालची वस्ती. तीव्र उताराच्या पायथ्याशी, जिथे वरती नुकतं जेसीबीने सपाटीकरण केलंय तिथे तर अजिबात नको. नदीकाठ असेल तर पूररेषा जलसंपदा विभागाकडे तपासा, समुद्रकाठ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे निर्बंध. माथेरान आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या आसपास इको सेन्सिटिव्ह झोन आहेत, तिथे बांधकामाचे नियम कडक.

७. मोजणी, मग पैसे

भूमी अभिलेखची सरकारी मोजणी विकणाऱ्याला आधी करून द्यायला सांगा, खर्च हवा तर निम्मा द्या. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, लगतचे खातेदारही असले पाहिजेत, खुणा ठोकल्या की त्याच दिवशी सिमेंटचे खांब उभे करा. एजंटने हाताने दाखवलेली हद्द, तो आंबा ते ती बाभूळ, याला काही किंमत नाही.

त्यानंतर विसार, पेपरात वकिलामार्फत जाहीर नोटीस, हरकतींसाठी दिलेली मुदत संपू द्यायची आणि मग दुय्यम निबंधकांकडे खरेदीखत. स्टॅम्प ड्युटी करारातली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यात जी जास्त तिच्यावर लागते, नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. रक्कम बँकेतून द्या, सगळीच्या सगळी. नोंदणी झाली की फेरफारची नोंद पडते, हितसंबंधितांना नोटिशी जातात, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. सातबाऱ्यावर तुमचं नाव आलेलं दिसेपर्यंत तलाठी कार्यालयात विचारत राहा.

८. पहिलं वर्ष

घर बांधायची घाई नको. फार्महाऊसला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एकरभर जमीन लागते आणि एफएसआय (जमिनीच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) ०.०३७५ मिळतो, तेव्हा एकराला साधारण १५० चौरस मीटर बांधकाम. एका कुटुंबाला भरपूर झालं. आधी कुंपण, पाणी आणि सावली. झाडं पहिल्याच जूनमध्ये लावा, आंबा, फणस, जांभूळ, काजू, बांधाला बांबू, म्हणजे घर होईपर्यंत ती वर आलेली असतात. रानडुकरं आणि माकडं येणारच, त्यामुळे कंदमुळं आणि मक्याचा नाद सोडा.

राखणीला गावातलाच माणूस ठेवा, पगार दर महिन्याला वेळेवर, आणि गावातल्या जत्रेला, सप्ताहाला वर्गणी द्या, जमेल तेव्हा जेवायला बसा. कुंपण घालताना गावाची जुनी पायवाट किंवा देवाकडे जायची वाट अडवू नका, भांडणं सगळी तिथूनच सुरू होतात.

वणव्याची तयारी मात्र डिसेंबर-जानेवारीतच. फेब्रुवारीपासून मेपर्यंत वाळलेलं गवत पेटतं आणि लावलेली सगळी रोपं एका दुपारात जातात. दिवाळीनंतर गवत कापून घ्या, कुंपणाच्या आतून चारी बाजूंनी दहा-बारा फुटांची जाळरेषा साफ करून ठेवा, रोपांच्या आळ्यात वाळलेला पाला ठेवत असाल तर फेब्रुवारीच्या आधी वरून मातीचा थर द्या, आणि भरलेला पिंप आणि हिरव्या फांद्यांच्या झोडण्या राखणदाराच्या हाताशी असू द्या.