रूममेट आयडीवर खेळतोय? आधी उसने देणं थांबवा

आयपीएल सुरू झाली की मेसची बिलं थकायला लागतात. मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर आहे, त्यामुळे हे आता पाठ झालंय. स्कोअर सोडून ‘सहा ओव्हरचं सेशन किती?’ (म्हणजे तेवढ्या ओव्हरमधल्या धावांवरची पैज) विचारणारा, ‘लॅपटॉप रिपेअरला टाकलाय’ म्हणणारा आणि दर आठवड्याला नव्या मित्राकडे पाचशे मागणारा पोरगा एकच असेल, तर तो बुकीने, म्हणजे पैजा घेणाऱ्याने, दिलेल्या आयडीवर (ऑनलाइन खात्यावर) सट्टा खेळतोय हे तुम्हा रूममेटना माझ्या आधी कळलेलं असतं.

पहिलं काम, उसने बंद. ‘शेवटचे दे, रिकव्हर करतो’ म्हणजे आणखी एक डाव. जेवू घाला, एसटीचा पास काढून द्या, हातात रोकड नको.

मग चौघांनी घेरू नका. ज्याचं तो ऐकतो त्या एकानेच बसावं. ‘का खेळतोस?’ विचारलंत तर भांडणच होईल. त्यापेक्षा यूपीआयची हिस्ट्री उघडायला लावा आणि वहीत उतरवून घ्या. त्याच्या डोक्यात जिंकलेले आठ हजार असतात. स्क्रीनवर दिसतं ते वेगळं: रात्री पावणेदोनला दोनशे, मग पाचशे, परत पाचशे, आणि घेणाऱ्याचं नाव दरवेळी निराळं. बुकी स्वतःचं खातं वापरत नाही, भाड्याची वापरतो. म्हणून हे विचाराच: ‘तुझं खातं, एटीएम कार्ड, सिम कुणाला दिलंयस का?’ घरबसल्या चार पैसे सुटतात म्हणून पोरं देतात. त्यातून फसवणुकीचा पैसा फिरला की खातं गोठतं आणि पोलीस खातेदाराला शोधत येतात. दिलं असेल तर त्याच दिवशी बँकेला लेखी कळवायचं.

देण्यांत लोन ॲप सगळ्यात वर लिहा. वसुलीवाले फोनमधल्या नंबरांवर, अगदी मामा-मावशीलासुद्धा, मेसेज टाकतात. ॲपला दिलेल्या परमिशन बंद करा, स्क्रीनशॉट ठेवा, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. एक ॲप फेडायला दुसरं घेऊ देऊ नका. बुकी सगळ्यात खाली. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचे पैसे कोर्टातून वसूल होत नाहीत. दमदाटी केली तर पोलीस आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही.

घरी सांगायचं ते वही समोर ठेवून, पूर्ण आकडा एकदम. आज वीस, परवा चाळीस असं सांगितलं की वडील पुढचं काहीच खरं मानत नाहीत. आणि घरच्यांनी दागिने मोडून एका झटक्यात सगळं फेडू नये. पाटी कोरी झाली की पोरगा पुन्हा बसतो, हे मी पाहिलंय. फी थेट कॉलेजात, मेसचे थेट मेसवाल्याला, यूपीआयची मर्यादा बँकेच्या ॲपमधून खाली.

‘जगून काय करू’ असं काही बोलला तर एकटं सोडू नका. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलतात. मला उठवा, कितीही वाजलेले असोत.

महिनाभरात तो एकदा तरी परत खेळेल. आरडाओरडा नको, त्या रात्रीचा आकडाही त्यालाच वहीत लिहायला लावा.