गावाला जाताना परसातल्या कोंबड्यांची सोय कशी लावावी

दाणा आणि पाणी दोन-तीन दिवसांचं एकदम भरून ठेवता येतं. खुराड्याचं दार मात्र रोज संध्याकाळी कुणीतरी लावावंच लागतं. इंदूरला लोकमान्यनगर, सुदामानगरसारख्या वस्त्यांत ज्यांनी अंगणात चार-सहा कोंबड्या पाळल्या आहेत, त्यांनी मे महिन्यात पुण्याला किंवा कोकणात जायचं ठरवलं की तिकिटाबरोबरच या संध्याकाळच्या माणसाची सोय बघावी. बोका, भटकी कुत्री आणि घुशी अंधार पडल्यावर जास्त हिंडू लागतात, आणि एक रात्र दार उघडं राहिलं तर सकाळपर्यंत सगळा कळप संपू शकतो.

माणूस शोधणे (निघण्याच्या तीन आठवडे आधी)

शेजार सगळ्यात उत्तम, कारण रोज दोन चकरा मारायच्या असतात. पण आपल्याकडे शेजारी पुष्कळदा शाकाहारी असतात. काकू आनंदाने दाणा टाकतील, पाणी बदलतील, पण अंड्याला हात लावणार नाहीत. हे आधीच मोकळेपणाने विचारून घ्यावं. नाही म्हणायला अवघड जाईल अशा रीतीने कुणाला गळ घालू नये. मला बरी वाटलेली रीत अशी: सकाळचं दाणा-पाणी काकूंकडे, आणि संध्याकाळची अंडी व दार दुसऱ्या कुणाकडे. घरकाम करणाऱ्या मावशी किंवा गल्लीतला कॉलेजात जाणारा मुलगा चालतो. शाळकरी मुलं कोंबड्यांत रमतात, त्यांना जरूर सामील करून घ्या, पण कडी मोठ्या माणसानेच लावावी. आणि रोजचे पैसे आधी ठरवून द्यावेत. ‘अंडी तुम्ही घ्या’ एवढ्यावर भागवू नये. उन्हाळ्यात कोंबड्या अंडी कमी देतात, काम मात्र वाढतं.

ज्यांच्या स्वतःच्या कोंबड्या आहेत त्यांना सगळं ठाऊक असतं, पण त्यांच्या चपलांबरोबर मानमोडी (रानीखेत) किंवा देवीसारखा रोगही येऊ शकतो. अशांसाठी फाटकाशी वेगळ्या चपला आणि साबण ठेवा. मानमोडीची लस द्यायची राहिली असेल तर ती या तीन आठवड्यांतच देऊन टाका.

किती दिवस जाणार त्यावर बाकीचं ठरतं. एका रात्रीसाठी पूर्ण जाळीबंद, वरूनही झाकलेलं आवार असेल तर एक चक्कर पुरते. त्याहून जास्त दिवसांसाठी सकाळ-संध्याकाळ येणारा माणूस हवाच. कोंबड्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवणं मी शेवटचा पर्याय मानते. नव्या जागी त्या भांडतात, अंडी घालायच्या थांबतात, आणि परत आणल्यावर त्यांना तीन आठवडे वेगळं ठेवावं लागतं.

खुराडं तपासणे (पंधरा दिवस आधी)

संध्याकाळी आत दिवा लावा आणि बाहेरून बघा: जिथून उजेड दिसतो तिथून आत यायलाही वाट असू शकते. षट्‌कोनी भोकांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. दार आणि खिडक्यांना अर्धा इंच चौकोनाची वेल्ड केलेली जाळी लावावी, म्हणजे हवा खेळती राहते. घुशी पायाखालून उकरतात, म्हणून जाळीचा दीड फुटाचा पट्टा बाहेरच्या बाजूने जमिनीवर पसरून मातीखाली दाबावा. नुसती सरकती कडी कुत्रा नाकाने उघडू शकतो; तिला हूक अडकवा.

खालचा तूस काढून नवा पसरा. मोठा पावसाळा असेल तर हे निघण्याच्या आदल्या दिवशी करा, कारण ओल्या तुसातून उठणारा उग्र वास कोंबड्यांच्या श्वासाला बाधतो.

दाणा-पाण्याचा हिशेब

अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण 110 ते 120 ग्रॅम खाद्य खाते. सहा कोंबड्यांना दिवसाला 720 ग्रॅम, म्हणजे आठ दिवसांना पावणेसहा किलोच्या आसपास. सात किलो ठेवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. रोजचं माप म्हणून एखादी वाटी त्या डब्यातच टाकून द्यावी. जाण्याच्या तोंडावर खाद्य बदलू नये. ओल लागलेलं, बुरशी धरलेलं खाद्य फेकूनच द्यायचं, हे सांभाळणाऱ्याला बजावून सांगा.

पाणी जास्त नाजूक आहे. एरवी कोंबडीला पाव लिटर पुरतं, पण पारा चाळिशीच्या वर गेला की अर्धा लिटर किंवा अधिक लागतं. दोन भांडी ठेवा, दोन्ही सावलीत आणि विटेवर टेकवलेली, म्हणजे एक कलंडलं तरी दुसरं असतं. इंदूरला नर्मदेचं पाणी पुष्कळ भागांत एक दिवसाआड येतं, तेव्हा कोंबड्यांसाठी एक झाकलेला पिंप वेगळा भरून ठेवणं बरं. आणि एक गोष्ट हटकून सांगा: मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला चटका बसेल इतकं तापलेलं येतं. ते भांड्यात भरू नये. पिंपातलं गार पाणी घालावं.

प्रेमाने टाकलेला खाऊ हा आपल्या शहरातला खास प्रश्न. उरलेले पोहे, त्यावरची शेव, फरसाण यांतलं मीठ कोंबड्यांना सोसत नाही. भाजीची पानं, काकडी, कलिंगडाची सालं मात्र खुशाल द्यावीत.

सराव

निघण्याच्या आठवडाभर आधी सांभाळणाऱ्याला दोन संध्याकाळी बोलवा. पहिल्या दिवशी तुम्ही करा आणि त्यांना बघू द्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी करावं आणि तुम्ही गप्प उभे राहावं. शंका याच वेळी निघतात. दाण्याचा डबा खुळखुळवून, तुम्ही ज्या आवाजात हाक मारता त्याच आवाजात त्यांना कोंबड्यांना बोलवायला शिकवा. एखादी कोंबडी झाडावर जाऊन बसली तर हेच उपयोगी पडतं. कोंबडा अनोळखी माणसावर धावत असेल तर तो कसा आवरायचा तेही दाखवा.

भिंतीवरची चिठ्ठी

फोनवरचा निरोप खाली जातो, म्हणून कागद खुराड्याजवळच अडकवा. चिठ्ठी अशी असावी:

सकाळी दार उघडा. पाणी ओतून भांडं घासा, मग नवं भरा. दाणा दोन वाट्या.
दुपारी जमलं तर पाणी पुन्हा बघा.
संध्याकाळी अंडी काढा. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने कोंबड्या मोजा. सहा भरल्या की कडी आणि हूक लावा.
पाच भरल्या तर आधी झाडावर, मग जिन्याखाली बघा, आणि मला फोन करा.

चिठ्ठीत घड्याळाची वेळ लिहू नका, कारण कोंबड्या सूर्यावर चालतात. इंदूरला मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला पावणेसहाच्या आतच. ‘साडेसातला या’ असं उन्हाळ्यात पाठ झालेला माणूस थंडीत पुरता अंधार पडल्यावर येईल.

अंडी रोज काढण्याला कारण आहे. ती पडून राहिली की फुटतात, कोंबड्यांना अंडी खायची खोड लागते, धामण येते, आणि एखादी खुडूक होऊन, म्हणजे उबवायच्या नादाने, त्यांवर बसते. कळपात कोंबडा असेल तर उन्हाळ्याच्या उकाड्यात फळलेल्या अंड्यात जीव धरायला लागतो. म्हणून काढलेली अंडी त्याच संध्याकाळी फ्रीजमध्ये जावीत. आधीच खुडूक बसलेली कोंबडी असेल आणि एकवीस दिवस पुरे होऊन पिल्लं तुमच्या गैरहजेरीत निघणार असतील, तर मी बेत पुढे ढकलीन. पिल्लांचं काम दुसऱ्यावर सोपवण्यासारखं नाही.

आजारी पडली तर

काय दिसलं की फोन करायचा, हे आधी ठरवा: पिसं फुगवून एका कोपऱ्यात बसलेली, दाण्याला न येणारी, मान वाकडी झालेली, विष्ठेत रक्त असलेली कोंबडी. तुरा निळा-काळा पडणं हेही वाईट लक्षण, पण झाबुआकडची कडकनाथ पाळली असेल तर तिचा तुरा मुळातच काळपट असतो. तिच्या बाबतीत चाल आणि भूक यांकडेच लक्ष ठेवायला सांगा, नाहीतर पहिल्याच दिवशी घाबरून फोन येईल. उन्हात चोच वासून, पंख पसरून धापा टाकणारी कोंबडी तापली आहे: तिला सावलीत घ्या, पाय गार पाण्यात बुडवा, प्यायला पाणी द्या.

शहरातले पुष्कळ दवाखाने फक्त कुत्री-मांजरं बघतात. पक्षी कोण बघतं हे आधी विचारून नंबर चिठ्ठीवर लिहा. मध्य प्रदेशात पशुवैद्यकीय फिरत्या पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे, तोही लिहा. डॉक्टरांवर किती खर्च केला तर चालेल तेही सांगून पैसे मागे ठेवा. घरातली उरलेली औषधं अंदाजाने देऊ नका म्हणावं.

डिसेंबर 2020 च्या अखेरीस इंदुरातच कावळे मरून पडले आणि त्यांत बर्ड फ्लू निघाला होता. अंगणात मेलेला कावळा दिसला किंवा दोन-तीन कोंबड्या एकाएकी मेल्या, तर उघड्या हाताने उचलू नये, गुपचूप पुरू नये. पशुपालन विभागाला कळवावं.

दिवाळीत जात असाल तर

शेजारीही त्याच दिवसांत गावाला जातात, म्हणून माणूस दसऱ्यालाच पक्का करा. फटाक्यांच्या रात्री कोंबड्या दिवेलागणीलाच आत घ्याव्यात आणि रस्त्याकडच्या बाजूला गोणपाट लावावं, वरची हवा मोकळी ठेवून.

परत आल्यावर

प्रवासात कुणाच्या पोल्ट्रीवर किंवा गावच्या कोंबड्यांत गेला असाल तर अंघोळ करून, चपला बदलून मगच खुराड्यात जा. त्याच रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या खालची बाजू आणि कोंबड्यांच्या पंखांखाली बघा. लाल पिसवा रात्रीच बाहेर येतात. अंडी कमी झाली असतील तर आठवडाभर वाट पाहा. पिसं गळत असतील तर आणखी बराच काळ जाईल. सांभाळणाऱ्याला पैसे त्याच दिवशी द्या, काय अडलं ते विचारा आणि चिठ्ठीत लगेच दुरुस्ती करून ठेवा.