ओपन सोर्समध्ये हातभार लावायचाय? मग खातं कुठे उघडाल?

गिटहब बरं की गिटलॅब (दोन्ही कोड ठेवायच्या आणि मिळून लिहायच्या साइट), हा वाद नंतर घाला. ज्या प्रकल्पात काम करायचंय त्याने जागा आधीच ठरवलेली असते. म्हणून सगळ्यात आधी प्रकल्पाची 'कॉन्ट्रिब्यूटिंग' नावाची फाइल वाचा. लिनक्सचे डेस्कटॉप बनवणारे प्रकल्प घ्या: ग्नोम २०१८मध्ये स्वतः चालवलेल्या गिटलॅबवर गेलं, केडीई २०२०मध्ये. लिबरऑफिसचा कोड 'गेरिट' या वेगळ्या साधनावर तपासला जातो. लिनक्स कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) पॅच, म्हणजे कोडमधले बदल, तर आजही ईमेलने जातात. गिटहबवर दिसते ती कर्नलची नुसती प्रत, तिथे पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घ्यायची विनंती) टाकून बसलात तर बसूनच राहाल.

प्रकल्प अजून ठरला नसेल तर गिटहबवर खातं काढा. गर्दी तिथेच आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या गटाचे देवनागरी फाँटसुद्धा तिथेच सापडतात. गिटहबवरची मायक्रोसॉफ्टची मालकी खटकत असेल तर कोडबर्ग हे तसंच ठिकाण बघा. ते बर्लिनची ना-नफा संस्था चालवते, पण खाजगी कोडची कोठी म्हणून ते वापरायचं नाही.

आता पहिल्या कमिटआधीचं (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाआधीचं) काम, जे मी केलं नव्हतं. गिट म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन; त्याच्या सेटिंगमध्ये, 'गिट कॉन्फिग'मध्ये, 'युजर डॉट ईमेल' तपासा. माझ्या लॅपटॉपवर तिथे ऑफिसचा पत्ता होता. नोकरी सुटली, पत्ता बंद झाला, पण माझ्या कमिटवर तो अजून चिकटलेला आहे. इतरांनी ओढून घेतलेला इतिहास मागाहून कोण बदलू देणार? गिटहबच्या ईमेल सेटिंगमध्ये खरा पत्ता लपवायची सोय आहे. तिथे मिळणारा 'नोरिप्लाय' पत्ता कॉन्फिगमध्ये टाका.

मग एसएसएच की, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी किल्ली, बनवा. ऑगस्ट २०२१पासून गिटहबवर पुश करायला (कोड साइटवर चढवायला) पासवर्ड चालत नाही. दोन फाइली तयार होतात; 'डॉट पब' शेपटीची तेवढी साइटवर चिकटवायची, दुसरी कुणालाही दाखवायची नाही.

स्वतःचा प्रकल्प मांडणार असाल तर बाहेर पडायची वाटही बघून ठेवा. गूगल कोड हे असंच ठिकाण २०१६मध्ये बंद झालं तेव्हा अनेकांना बिऱ्हाड हलवावं लागलं. 'गिट रिमोट अ‍ॅड' करून दुसऱ्या साइटची जागा जोडा आणि अधूनमधून तिथेही पुश करा. कोड आणि त्याचा इतिहास असा सहज हलतो. इश्यू (चुका-सूचनांच्या नोंदी) आणि त्याखालच्या चर्चा मात्र गिटमध्ये नसतात. त्यांच्यासाठी एक्स्पोर्टचं बटण आधीच शोधा. गिटलॅबमध्ये ते प्रकल्पाच्या 'जनरल' सेटिंगमध्ये, 'अ‍ॅडव्हान्स्ड' उघडल्यावर दिसतं.